बिल्ड पास झाला, पण फाइल लॉकिंग गेलं: एका जुन्या पॅकेजचं प्रकरण

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३.२ वरून १४.० आवृत्तीवर जाताना आमच्या स्थानिक पोर्ट्सपैकी (सोर्सपासून पॅकेज तयार करायच्या कृतींपैकी) एक पॅकेज बिल्ड होईना. एरर एकाच फाइलमधल्या एकाच ओळीवर बोट ठेवत होती. ती ओळ दुरुस्त केली की बिल्ड पूर्ण होऊन पॅकेज तयारही होत होतं. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्या दुरुस्तीवर थांबलो असतो तर डेटा खराब करू शकणारा प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता सर्व्हरवर पोहोचला असता. जुना सी कोड नव्या कंपायलरवर नेणाऱ्या कोणालाही हे भेटू शकतं, मग ती फ्रीबीएसडी असो वा लिनक्स.

प्रोग्राम साधा आहे. मोजमापाच्या उपकरणांकडून येणाऱ्या नोंदी वाचायच्या, तपासायच्या आणि एका आर्काइव्ह फाइलच्या शेवटी जोडायच्या. एकाच वेळी त्याच्या अनेक प्रती चालू असतात आणि सगळ्या त्याच आर्काइव्हमध्ये लिहितात, म्हणून लिहिण्याआधी फाइलवर लॉक, म्हणजे बाकीच्या प्रतींना तेवढा वेळ थांबवणारं कुलूप, घ्यावा लागतो. सी भाषेतला कोड, ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट (सिस्टिमवर काय काय उपलब्ध आहे हे बिल्डआधी तपासणारी), आणि मूळ लेखकाने देखभाल सोडून बराच काळ लोटलेला. आम्ही त्याचं पोर्ट स्वतःच्या ओव्हरलेमध्ये (अधिकृत पोर्ट्सवर जोडलेल्या आमच्या संग्रहात) ठेवतो आणि पूड्रिएअर या बिल्ड साधनाने स्वच्छ जेलमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या वातावरणात, बिल्ड करतो. स्वच्छ जेल असल्यामुळे मशीनवर कुठली तरी जुनी लायब्ररी किंवा हेडर राहून गेली असेल, ही शंका सुरुवातीलाच बाद होते.

लॉगच्या तळाशी काय होतं

लॉग खालून वाचायला घेतला तर पोर्ट्स फ्रेमवर्कचा ओळखीचा संदेश दिसतो: कंपायलेशन अनपेक्षितपणे फेल झालं, मेंटेनरला कळवण्याआधी मेक-जॉब्स-अनसेफ (एका वेळी एकच जॉब चालवायला लावणारी सेटिंग) चालू करून पुन्हा बिल्ड करून पाहा. त्याच्या खाली ‘एरर कोड १’ आणि ‘स्टॉप’. बरेच जण इथेच अडकतात, कारण हा संदेश निदान सांगतो आहे असं वाटतं. तो निदान सांगत नाही. बिल्डचा टप्पा कुठल्याही कारणाने पडला तरी हाच संदेश छापला जातो.

सूचना मात्र करून पाहण्यासारखी आहे. पूड्रिएअरमध्ये समांतर मेक मुळात बंद असतं, आम्ही ते वेगासाठी चालू ठेवलं आहे. मेकफाइलमध्ये एखादं अवलंबित्व लिहायचं राहून गेलं असेल, तर एका वेळी एकच जॉब चालवला की बिल्ड पास होतो आणि समांतर चालवला की कधी पास, कधी फेल. आम्ही एका जॉबवर चालवून पाहिलं. त्याच फाइलवर, त्याच ओळीवर एरर आली. समांतर जॉबमधल्या शर्यतीचा प्रश्न मिटला. मेमरी संपून कर्नलने कंपायलर मारला असता तर लॉगमध्ये ‘किल्ड’ दिसलं असतं, तेही कुठे नव्हतं.

समांतर बिल्डमध्ये आणखी एक अडचण असते. एक जॉब पडला तरी आधीच सुरू झालेले बाकीचे जॉब आपापलं काम संपवतात आणि त्यांचं आउटपुट एररच्या खाली येतं. त्यामुळे शेवटच्या ओळींचा मूळ चुकीशी संबंध असेलच असं नाही. लॉगमध्ये वरून खाली ‘एरर’ शब्द आणि त्यापुढचा विसर्गचिन्हासारखा कोलन शोधावा आणि पहिली जुळणारी ओळ धरावी. इथे ती अशी होती: कॉम्पॅट डिरेक्टरीतली एसएनप्रिंटएफ.सी, आणि संदेश ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर एसएनप्रिंटएफ’, म्हणजे बफरमध्ये मजकूर लिहिणाऱ्या एसएनप्रिंटएफ या फंक्शनची दोन डिक्लरेशनं जुळत नाहीत. त्याखाली टीप होती की आधीचं डिक्लरेशन सिस्टिमच्या एसटीडीआयओ.एच मध्ये आहे.

फाइल उघडल्यावर कारण लगेच दिसलं. लेखकाने एसएनप्रिंटएफचं स्वतःचं पर्यायी रूप लिहिलेलं होतं आणि त्यात बफरच्या आकाराचा प्रकार ‘इंट’ धरला होता. सिस्टिमच्या हेडरमध्ये तो ‘साइज-टी’ आहे. दोन्ही डिक्लरेशनं एकत्र आली की कंपायलर अडवणारच.

माझ्या सहकाऱ्याने तिथे ‘इंट’ खोडून ‘साइज-टी’ लिहिलं, बिल्ड लावला आणि तो पास झाला. पॅकेज तयार झालं, इन्स्टॉल झालं, प्रोग्रामने आपली आवृत्ती छापली. त्याचा पॅच चुकीचा नव्हता, ती ओळ खरोखर चुकीची होती. पण ती ओळ त्या फाइलमध्ये कितीतरी वर्षं तशीच होती. मग ती आजच का आडवी आली?

ही फाइल कंपाइल का होते आहे?

या प्रश्नाने तपासाची दिशा बदलली. पूड्रिएअर प्रत्येक बिल्डचे लॉग जपून ठेवतो, त्यामुळे १३.२ वरच्या शेवटच्या यशस्वी बिल्डचा लॉग हाताशी होता. त्यात एसएनप्रिंटएफ.सी कंपाइल झाल्याची ओळच नव्हती. आमच्याकडे ती फाइल त्याआधी कधी कंपायलरसमोर गेलीच नव्हती. ज्या सिस्टिमवर एसएनप्रिंटएफ नाही किंवा सी-९९ (१९९९ चं सी मानक) प्रमाणे वागत नाही, अशा सिस्टिमसाठी ती लिहिलेली. फ्रीबीएसडीच्या लायब्ररीत हे फंक्शन व्यवस्थित आहे. तरीही १४.० वर बिल्डला वाटत होतं की ते नाही.

असं ‘वाटून’ घेणारा घटक एकच असतो, कॉन्फिगर स्क्रिप्ट. दोन्ही लॉगमधल्या ‘चेकिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी काढल्या आणि डिफ लावला. तीन ओळींत फरक निघाला. तिन्ही ठिकाणी १३.२ वर ‘येस’ होतं आणि १४.० वर ‘नो’:

एसएनप्रिंटएफ सी-९९ प्रमाणे लांबी परत करतं का. एममॅप (फाइल थेट मेमरीत जोडून वाचायची सोय) वापरण्याजोगं आहे का. आणि एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलने फाइल लॉक करता येते का.

तिसरी ओळ वाचल्यावर सहकाऱ्याने तयार केलेलं पॅकेज आम्ही लगेच रिपॉझिटरीतून काढलं.

सोर्समध्ये पाहिलं की या तीन उत्तरांवर काय काय अवलंबून आहे. एसएनप्रिंटएफचं ‘नो’ आलं की पर्यायी फाइल कंपाइल होते, तिथेच बिल्ड अडकला होता. एममॅपचं ‘नो’ आलं की प्रोग्राम साध्या रीडने फाइल वाचतो. वेळ जास्त लागेल, काम बरोबर होईल. लॉकचं ‘नो’ आलं की मात्र लॉक घेणाऱ्या फंक्शनचा सगळा मजकूर प्रीप्रोसेसर गाळून टाकतो आणि फक्त शून्य परत करणारी एक ओळ उरते. शून्य म्हणजे यश. बोलावणाऱ्या कोडला वाटतं की लॉक मिळाला, आणि तो बिनधास्त लिहायला लागतो.

मूळ लेखकाला मी दोष देणार नाही. ज्या काळात नेटवर्क फाइलसिस्टिमवर लॉकिंग कुठे चालायचं, कुठे नाही, त्या काळात निदान प्रोग्राम चालू तरी राहावा असा तो निर्णय असणार. पण त्याचा आजचा परिणाम असा की एका चुकीच्या ‘नो’मुळे संरक्षण नाहीसं होतं आणि बिल्डच्या लॉगमध्ये त्याची वॉर्निंगसुद्धा येत नाही.

कॉन्फिग.लॉगमध्ये

‘चेकिंग’च्या ओळी फक्त निकाल सांगतात. ते निकाल का आले हे कॉन्फिगरच्या स्वतःच्या कॉन्फिग.लॉगमध्ये असतं आणि बिल्ड संपल्यावर ती फाइल वर्क डिरेक्टरीबरोबर पुसली जाते. बिल्ड फेल झाल्यावर वर्क डिरेक्टरी जपून ठेवायचा पर्याय पूड्रिएअरच्या बल्क कमांडला आहे, पण आता आमचा बिल्ड पास होत होता. म्हणून त्याची एकच पोर्ट तपासणारी टेस्टपोर्ट कमांड इंटरॅक्टिव्ह पद्धतीने चालवून जेलमध्ये शिरलो आणि पोर्ट फक्त कॉन्फिगरच्या टप्प्यापर्यंत नेलं.

कॉन्फिग.लॉगची रचना सवयीची झाली की फार उपयोगी पडते. प्रत्येक चाचणीसाठी कंपायलरला दिलेली पूर्ण कमांड, कंपायलरचं उत्तर, आणि चाचणी फसली तर ‘फेल्ड प्रोग्राम वॉज’ म्हणून त्या छोट्या प्रोग्रामचा पूर्ण सोर्स. लॉकच्या चाचणीखाली दोन एरर होत्या. पहिली: ‘मेन’च्या आधी प्रकार लिहिलेला नाही, आणि आयएसओ सी-९९ पासून पुढे इम्प्लिसिट इंट (न लिहिलेला प्रकार ‘इंट’ धरणं) चालत नाही. दुसरी: ‘एक्झिट’ हे फंक्शन डिक्लेअर न करता बोलावलं आहे, आणि आयएसओ सी-९९ पासून पुढे इम्प्लिसिट फंक्शन डिक्लरेशन चालत नाही. बाकी दोन चाचण्यांखालीही हेच.

म्हणजे लॉकिंगची परीक्षा झालीच नव्हती. तो छोटा प्रोग्राम कंपाइल होऊ शकला नाही, आणि कॉन्फिगरने त्याचा अर्थ ‘लॉकिंग चालत नाही’ असा लावला. या प्रकरणाचं मर्म इथे आहे. चालवून पाहायच्या चाचणीत ऑटोकॉन्फ दोन वेगळ्या गोष्टी एकाच फांदीत टाकतो: प्रोग्राम चालला आणि त्याने अपयश कळवलं, किंवा प्रोग्राम कंपाइलच झाला नाही. पडद्यावर दोन्हींचं उत्तर तेच, ‘नो’. पहिल्यात सिस्टिमबद्दल माहिती मिळते. दुसऱ्यात सिस्टिमबद्दल काहीच कळत नाही, फक्त चाचणीचा कोड जुना झाल्याचं कळतं.

बाकीच्या असंख्य चाचण्या सुखरूप का राहिल्या, याचंही उत्तर यातच आहे. ‘हे फंक्शन लायब्ररीत आहे का’ अशा ठरावीक चाचण्यांचा सोर्स ऑटोकॉन्फ स्वतः लिहितो. त्यात मेनचा प्रकार लिहिलेला असतो आणि तपासायचं फंक्शन तिथल्या तिथे डिक्लेअर केलेलं असतं. फसल्या त्या तीन चाचण्या लेखकाने हाताने लिहिलेल्या. १९९० च्या दशकात असे तुकडे नुसत्या ‘मेन’ने सुरू करून ‘एक्झिट’ने संपवायची पद्धत होती आणि एका पॅकेजमधून दुसऱ्यात नकलून घेतल्यामुळे ती सगळीकडे पसरली.

नियम जुना, अंमलबजावणी नवी

डिक्लेअर न केलेलं फंक्शन बोलावलं तर ते ‘इंट’ परत करतं असं समजायचं, ही मुभा सी-८९ मध्ये होती. १९९९ च्या सी मानकाने ती काढून टाकली. कंपायलर मात्र त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ फक्त वॉर्निंग देत राहिले, कारण एरर दिली असती तर जुना कोड ढिगाने कोसळला असता. मार्च २०२३ मध्ये आलेल्या क्लँग या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने ती वॉर्निंग एरर केली. फ्रीबीएसडी १३.२ मध्ये क्लँग १४ होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या १४.० मध्ये क्लँग १६ आहे. आमच्या दोन लॉगमधल्या फरकाचं मूळ एवढंच. १३.२ वरही त्या चाचण्या वॉर्निंग देत होत्या, पण वॉर्निंग आली तरी प्रोग्राम तयार होतो आणि कॉन्फिगरला तेवढंच पुरतं.

लिनक्सवर हीच गोष्ट जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीने केली, मे २०२४ मध्ये. म्हणून जेंटू आणि फेडोरा या दोन्ही लिनक्स वितरणांच्या प्रकल्पांनी जुनी पॅकेजेस आधुनिक सीवर आणायचं काम त्याआधीच हाती घेतलं होतं. त्यांच्याही चिंतेचा मोठा भाग हाच होता. कंपाइल होताना पडणारा कोड शोधणं सोपं आहे, कॉन्फिगरमध्ये गुपचूप बदललेली उत्तरं शोधणं अवघड.

दुरुस्ती कशी निवडली

पर्याय अनेक होते आणि त्यातले काही मोहात पाडणारे होते.

सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे कंपायलरला फ्लॅग देऊन ती एरर पुन्हा वॉर्निंग करायची, किंवा पोर्टमध्ये सी मानक ‘जीएनयू ८९’ ठरवून टाकायचं. पोर्ट्स फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे. दोन्हींनी तिन्ही चाचण्या पुन्हा ‘येस’ म्हणाल्या असत्या, अट एवढीच की फ्लॅग कॉन्फिगरच्या टप्प्यालाही पोहोचला पाहिजे. तो नुसता मेकला दिला तर एरर गप्प होतात आणि कॉन्फिगरने कॉन्फिग.एच मध्ये लिहून ठेवलेली चुकीची उत्तरं तशीच राहतात. फ्लॅग देऊन बिल्ड पास झाला म्हणून खूश होणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

हा मार्ग मी घेतला नाही, कारण तो चाचण्यांबरोबर संपूर्ण सोर्सला सूट देतो. ६४ बिट मशीनवर पॉइंटर ६४ बिटांचा असतो आणि इंट ३२ बिटांचा. पॉइंटर परत करणारं एखादं फंक्शन डिक्लेअर न करता बोलावलं, तर कंपायलर त्याचं उत्तर इंट समजतो आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग हरवतो. प्रोग्राम पुढे कधी तरी, भलत्याच जागी कोसळतो. कधी कधी पत्ता खालच्या भागातच बसतो आणि महिनोन्‌महिने काही होत नाही, हे तर आणखी वाईट. क्लँग १६ ने ज्या चुका अडवायला सुरुवात केली त्या खऱ्या चुका आहेत. एका पॅकेजच्या सोयीसाठी तो पहारा उठवायला माझी तयारी नव्हती.

दुसरा विचार आला की ऑटोकॉन्फची नवी आवृत्ती वापरून कॉन्फिगर पुन्हा तयार करावी. याने आमचं काम झालं नसतं. हाताने लिहिलेल्या चाचणीचा मजकूर कॉन्फिगर.एसी या मूळ फाइलमध्ये असतो आणि ऑटोकॉन्फ तो जसाच्या तसा नव्या स्क्रिप्टमध्ये उतरवतो. मॅक्रोचं नाव बदलेल, आतला सी कोड तोच राहील.

तिसरा पर्याय कॅश व्हेरिएबलचा. कॉन्फिगरला पर्यावरणातून आधीच सांगायचं की या चाचणीचं उत्तर ‘येस’ धर. क्रॉस-कंपाइल (वेगळ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड) करताना हे रोजचं असतं, कारण तिथे चाचणी चालवणंच शक्य नसतं. पण चाचणी लिहिताना लेखकाने कॅशचा मॅक्रो वापरलेला असेल तरच ते लागू पडतं. आमच्या तिघींपैकी फक्त एममॅपच्या चाचणीत तो होता.

शेवटी चाचण्याच दुरुस्त केल्या. तिन्हींमध्ये ‘मेन’च्या आधी ‘इंट’, कंसात ‘व्हॉइड’ आणि वर एसटीडीलिब.एच. पॅच तयार कॉन्फिगर स्क्रिप्टवर लावला. कॉन्फिगर.एसीवर पॅच लावून स्क्रिप्ट पुन्हा निर्माण करणं तत्त्वतः जास्त शुद्ध आहे, पण इतक्या जुन्या फाइलवर नवं ऑटोकॉन्फ चालवलं की आणखी कितीतरी गोष्टी त्याच फटक्यात बदलतात. बिघाड शोधताना एका वेळी एकच बदल हवा. दोन्ही फाइल्सवर पॅच लावायचा असेल तर वेळेच्या शिक्क्यांवर लक्ष ठेवावं लागतं. कॉन्फिगर.एसी नंतर पॅच होऊन कॉन्फिगरपेक्षा नवी ठरली, तर ऑटोमेक या मेकफाइल बनवणाऱ्या साधनाने लिहिलेले नियम बिल्डच्या मध्येच ऑटोकॉन्फ चालवायला जातात, जेलमध्ये तो नसतो, आणि एक वेगळीच एरर उभी राहते.

सहकाऱ्याचा ‘साइज-टी’चा पॅचही ठेवला. ती फाइल आता कंपाइल होत नाही, पण कोणी हे पॅकेज अशा सिस्टिमवर नेलं जिथे तिची खरंच गरज आहे, तर तिथे उपयोगी पडेल.

झालं याची खात्री

बिल्ड पास होणं हा पुरावा नव्हता, कारण चुकीचं पॅकेजही पासच झालं होतं. आधी १३.२ आणि १४.० वरच्या कॉन्फिग.एच फाइल्सचा डिफ घेतला. तो रिकामा आला. मग बायनरीवर एनएम (तिच्यातल्या फंक्शनांची नावं दाखवणारं साधन) चालवून पाहिलं. एसएनप्रिंटएफपुढे मोठा ‘यू’ होता, म्हणजे ते फंक्शन बाहेरून, सिस्टिमच्या लायब्ररीतून येतं. अर्धवट दुरुस्त केलेल्या बायनरीत तिथे ‘टी’ होता, कारण फंक्शन आतच बसलेलं होतं.

लॉकसाठी एवढ्यावर समाधान नव्हतं. चाचणीच्या मशीनवर दोन्ही बायनरी ट्रस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली चालवल्या. नव्या बायनरीत आर्काइव्हवरच्या प्रत्येक राइटच्या आधी एफसीएनटीएलची हाक दिसली, फाइल डिस्क्रिप्टर ३ आणि त्यापुढे एफ-सेटएलकेडब्ल्यू, म्हणजे लॉक मिळेपर्यंत थांबायचं. अर्धवट बायनरीत फाइल उघडल्यावर थेट राइट होतं. मग एका प्रतीला लॉक धरून मुद्दाम थांबवलं आणि दुसरी प्रत सुरू केली. नवी बायनरी थांबून राहिली. जुन्या दुरुस्तीची बायनरी न थांबता त्याच जागी लिहून मोकळी झाली आणि आर्काइव्हमध्ये एका नोंदीच्या मधोमध दुसरी नोंद घुसलेली मिळाली.

त्यानंतर ओव्हरलेमधली ऑटोकॉन्फ वापरणारी सगळीच पोर्ट्स तपासणं भाग होतं, कारण जी १४.० वर सुरळीत बिल्ड झाली होती त्यांच्यावरचा विश्वासही उडाला होता. पोर्टच्या मेकफाइलमध्ये कॉन्फिगरनंतर चालणारं एक टार्गेट देता येतं. तिथे आम्ही कॉन्फिग.लॉगमध्ये ‘इम्प्लिसिट फंक्शन डिक्लरेशन’ आणि ‘इम्प्लिसिट इंट’ हे दोन शब्दसमूह शोधतो आणि सापडले की बिल्ड तिथेच थांबवतो. काही ठिकाणी हे संदेश योग्य कारणानेही येतात. फक्त लिनक्सवर असलेलं एखादं फंक्शन फ्रीबीएसडीवर तपासलं तर ते डिक्लेअर केलेलं नसणार आणि ‘नो’ हेच खरं उत्तर असतं. अशा चाचण्यांची यादी प्रत्येक पोर्टच्या डिरेक्टरीत ठेवली आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ती का मान्य केली याचं कारण लिहावं लागतं, आणि बेस सिस्टिममधला क्लँग बदलला की यादी रिकामी करून पोर्ट पुन्हा तपासायचं असं ठरवलं आहे.